‘तुफान आलंया’ने पाणी अडतं का?

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी एका गाण्यावर डोकं का खाजवायचं? कारण ‘या गाण्याने गावं पेटून उठली’ हे वाक्य म्हणजे एक गृहीतक आहे, आणि आपण ते कधी तपासतच नाही. टँकरच्या रांगेत वाढलेल्या माझ्यासारख्याला तर ते खरंच असावं असं वाटतं. म्हणून जास्त सावध राहायचं.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचं ‘तुफान आलंया’ घ्या. शब्द गुरु ठाकूर यांचे, संगीत अजय-अतुल यांचं. स्पर्धा २०१६ मध्ये ३ तालुक्यांत होती, २०१७ मध्ये ३०, २०१८ मध्ये ७५. गाण्याची कमाल? थांबा. सोबत प्रशिक्षण होतं, बक्षिसं होती, टीव्ही होता, आमिर खान होते. शिवाय तालुके किती घ्यायचे हे आयोजकच ठरवणार! यातून गाण्याचा वाटा वेगळा कसा काढायचा?

आता तुलनेला आपल्या जालना तालुक्यातलं कडवंची घ्या. तिथं १९९० च्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने पाणलोटाचं काम सुरू झालं. पुढे शेततळी आली, द्राक्षबागा आल्या आणि २०१२ च्या दुष्काळातही त्या टिकल्या. ‘तुफान’ तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. म्हणजे गाणं ही आवश्यक अट नाही.

मग ते बिनकामाचं? नाही. पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडे करावं लागतं. वरच्याने चर खणले नाहीत तर खालच्याचा बंधारा गाळाने भरतो. म्हणून प्रत्येकाच्या मनात एकच शंका असते: बाकीचे येतील का? चौकात सगळ्यांनी मिळून ऐकलेलं गाणं नेमकी ही शंका कमी करू शकतं. मी ऐकलं, आणि तूही ऐकलंस हे मला माहीत आहे. नावातला काळही बघा: ‘येणार’ नाही, ‘आलंया’. सुरुवात झालेलीच आहे, आपण फक्त सामील व्हायचं.

माझी तक्रार इथेच आहे. तुफान येतं तसं जातंही. गाळ मात्र पुन्हा पुन्हा काढावा लागतो, आणि नवे बोअर घ्यायचे की नाही हे गावाला बसून ठरवावं लागतं. त्या कंटाळवाण्या चिकाटीला तुफानाची उपमा पुरत नाही.

आणि व्हिडिओत दिसतात ती जिंकलेली गावं. जिथं पाणी टिकलं नाही तिथंही हेच गाणं वाजलं असणार. अभ्यास करायचाच असेल, तर सुरुवात त्या गावांपासून करा.