‘अधिकृत’ या शब्दाची किंमत

आमच्या मंडळाच्या जुन्या अंकांचे काम मागच्या उन्हाळ्यात माझ्या गळ्यात पडले. "तू कॉम्प्युटरमधला, शिवाय डॉक्टर," एवढ्या पात्रतेवर फ्लॉपींचा एक डबा माझ्या स्वाधीन करण्यात आला. (माझी डॉक्टरेट मेकॅनिकलमधली आहे, हे सांगायचे राहूनच गेले.) फ्लॉपी वाचणारे यंत्र मिळाले, फायलीही उघडल्या, पण पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची नुसती भेळ! त्यातच आता हयात नसलेल्या एका काकांनी आपल्या आईवर लिहिलेला लेख होता. काकूंचा फोन आला, "अरे, लेख आहे ना त्यात?"

"आहे काकू, पण वाचता येत नाही."

इतके वाईट उत्तर मी थीसिसच्या डिफेन्समध्येही दिले नव्हते.

हे असे का झाले? नव्वदच्या दशकातले आपले बहुतेक फाँट ही एक हुशार फसवणूक होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. संगणकाला वाटे, आपण इंग्रजीच छापतो आहोत. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फाँट गेला की मजकूरही गेला. वास्तविक युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. पण आपले संपादक ज्या पेजमेकरवर अंक लावत, त्याला युनिकोड ठाऊकच नव्हते. तेव्हा त्या संपादकांना दोष देण्यात अर्थ नाही.

मग फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० आले आणि मायक्रोसॉफ्टच्या घरात देवनागरीला प्रथमच अधिकृत जागा मिळाली. जागा मिळाली, पण किल्ली नाही. २००१ च्या एक्सपीमध्येसुद्धा कंट्रोल पॅनेलमध्ये शिरून एक चौकट आपण होऊन निवडावी लागे. मी २००३ साली शिकायला इथे आलो, तेव्हा लॅबच्या यंत्रावर ती चौकट निवडण्याचा अधिकारच विद्यार्थ्यांना नव्हता. ही कटकट मिटली ती २००७ च्या व्हिस्टात. पेजमेकर तर २००१ च्या सातव्या आवृत्तीवरच थांबला, आणि त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनला भारतीय लिप्या नीट जुळवता येऊ लागल्या त्या २०१२ च्या सीएस ६ मध्ये. म्हणजे विंडोजने ‘हो’ म्हटल्यावर पान लावणाऱ्या प्रोग्रॅमने ‘हो’ म्हणेपर्यंत एक तप उलटले. आपापल्या कुंपणाच्या आत प्रत्येकजण खरेच बोलत होता. अंक मात्र कुंपणाबाहेर उभा होता.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येतो, कारण पोटासाठी मी तिथेच बसतो. आमची कंपनी इंजिनिअरांसाठी डेस्कटॉप सॉफ्टवेअर करते. विंडोजची नवी आवृत्ती आली की तिला अधिकृत सपोर्ट कधी जाहीर करायचा, यावर आमच्या बैठका झडतात. "प्रोग्रॅम चालतो" आणि "आम्ही सपोर्ट करतो" ही दोन निराळी वाक्ये आहेत. पहिले निरीक्षण आहे, दुसरे वचन. प्रिंटरचे ड्रायव्हर, लायसन्सची कुलपे, जुन्या फायली हे सगळे तपासायचे. शिवाय फोन उचलणाऱ्यांना शिकवायचे. उशिराला कारणे असतात, आणि ती खोटी नसतात.

पण ती पुरेशीही नसतात. एकदा नवी आवृत्ती माझ्या स्वतःच्या टेबलावर चार महिने बिनतक्रार चालत होती आणि आम्ही ग्राहकांना ‘सपोर्ट नाही’ असे लिहीत होतो. दोन माणसांच्या एका छोट्या वर्कशॉपने नवे यंत्र घेतले होते. त्यावर जुनी विंडोज मिळतच नव्हती. आमच्या सावधगिरीचे बिल त्यांनी भरले. त्या पत्रावर सही माझी होती.

घाईचेही तसेच. मराठी न येणाऱ्या परीक्षकाला ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक दिसणार कसा? तो खूण करून मोकळा होतो, आणि आपण लग्नाच्या स्वयंपाकाला भलत्यालाच बोलावतो! जी भाषा वापरणारा माणूस तपासणीला बसलेला नाही, त्या भाषेपुरता तरी ‘अधिकृत’ हा शब्द पोकळ समजावा.

म्हणून माझे म्हणणे असे, की तारीख ठरवताना "प्रोग्रॅम कोसळतो का?" हा प्रश्न अपुरा आहे. आणखी तीन विचारावेत. जुने काम नव्यात उघडते का? वापरणाऱ्याचे रोजचे काम, त्याच्या भाषेत, नीट होते का? आणि उद्या आम्ही दुकान बंद केले, तर त्याला आपला माल बाहेर काढता येईल का? पहिले दोन प्रश्न आमच्या बैठकीत कधीमधी निघतात. तिसरा मी इतक्या वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकला नाही, माझ्याही नाही.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बऱ्याच जुन्या यंत्रांना विंडोज ११ अधिकृतपणे घरात घेत नाही. त्यामुळे पुष्कळ घरांत आणि मंडळांत यंत्रे बदलली जात आहेत. मंडळी, जुने यंत्र देऊन टाकण्याआधी, त्यावरचा जुना प्रोग्रॅम चालतो आहे तोवरच मजकूर युनिकोडमध्ये काढून घ्या, आणि एक प्रत कागदावर ठेवा.

काकांचा लेख शेवटी मिळाला, तो एका सभासदाच्या बेसमेंटमधल्या छापील अंकात. तीन रात्री बसून मी तो पुन्हा टाइप केला. काकूंना फाइल पाठवली, तर त्या म्हणाल्या, "फाइल ठेव तुझ्याकडे. मला प्रिंट काढून दे."