पृष्ठांवरील आलेखांची गणना : सूत्र आणि उपपत्ती

शॉन कॅरेल व गीयोम शापुई यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकातच आपल्या पुनरावर्ती सूत्रांना ‘सोपी’ हे विशेषण योजिले आहे. पृष्ठांवर रेखाटलेल्या आलेखांची गणना हा त्या निबंधाचा विषय. हे विशेषण कोणत्या अर्थाने यथार्थ आहे, याची चिकित्सा उद्बोधक ठरेल.

गोलावरील आलेखांची गणना विल्यम टट यांनी १९६३ साली सिद्धीस नेली. सममितीमुळे मोजणीत घोटाळा होऊ नये म्हणून त्यांनी एका कडेला दिशा देऊन तिला ‘मूळ’ मानले. ही कडा काढली असता आकृतीचे एक तर दोन भाग होतात, नाही तर ती अखंड राहून तिची दोन क्षेत्रे एक होतात. एक, दोन व तीन कडांच्या आकृत्या अनुक्रमे २, ९ व ५४ येतात. मात्र या रीतीत मूळ क्षेत्राच्या सीमेची लांबीही सांभाळावी लागते. पृष्ठाला छिद्रे असल्यास हा भार वाढतच जातो.

कॅरेल-शापुई यांच्या सूत्रात हा भार उरत नाही. कडांची संख्या व छिद्रांची संख्या एवढ्यावरच काम भागते. दोन कडांच्या आकृत्या गोलावर ९ व एकछिद्री पृष्ठावर १, हे उत्तर दोन-तीन ओळींत निघते. गणनेच्या दृष्टीने हा लाभ निर्विवाद होय.

परंतु सूत्राची सिद्धता आकृतीच्या विच्छेदातून आलेली नाही. ती तरंगांच्या अभ्यासातून पुढे आलेल्या कादोमत्सेव-पेत्वियाश्विली समीकरणातून आली आहे. मात्रावृत्तांच्या प्रस्ताराशी तुलना केल्यास भेद स्पष्ट होतो. विरहांकाच्या नियमात वृत्ताचे अंत्याक्षर लघु किंवा गुरू असते. म्हणून लगतच्या दोन संख्यांची बेरीज करावयाची. तेथे सूत्र हीच उपपत्ती होय. येथे बेरीज बरोबर येते, पण कोणती आकृती कोणत्या आकृत्यांपासून घडली, हे कळत नाही.

ही उणीव अपरिहार्य नव्हे. एकाच क्षेत्राच्या आकृत्यांसाठी हॅरर व झागीर यांनी १९८६ साली दिलेल्या सूत्राची रचनात्मक उपपत्ती शापुई, फेरे व फ्यूसी यांच्या २०१३ सालच्या निबंधातून मिळते. गोलापुरती प्रस्तुत सूत्राचीही उपपत्ती बातिस्त लूफ यांनी २०१९ साली दिली. तात्पर्य, ‘सोपी’ हे विशेषण गणनेस शोभते. आकलनास ते लावण्यापूर्वी छिद्रयुक्त पृष्ठांवरही तशीच उपपत्ती मिळणे अगत्याचे आहे.