सीमाभागातील मराठीचा वाक्यक्रम : एक फेरविचार

बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांतील आपल्या घरांत एक वाक्य नित्य कानी पडते : ‘उद्या येतो म्हणून सांगितलं.’ तेच शालेय वळणाने लिहिले की ‘त्याने सांगितले की तो उद्या येईल’ असे होते. आशय एकच, क्रम मात्र पालटला. पहिल्या वाक्यात आधी बोल येतो आणि मग सांगणे. दुसऱ्यात आधी सांगणे, मग ‘की’ आणि शेवटी बोल. पहिल्या रचनेला ‘कानडी वळण’ ठरवून ती दुरुस्त करण्याची सवय आपल्या सुशिक्षितांत जुनी आहे. पुण्यास शिकावयास गेलेला नातू परत येऊन आजीचे वाक्य सुधारतो, तेव्हा तोही हाच निवाडा देत असतो. हा निवाडा कितपत टिकतो, हे पाहण्याचा आमचा हेतू आहे.

निवाड्याच्या बाजूने बोलणारा पुरावा लहान नाही. कानडीत ‘नाळे बर्तीनि अंत हेळिद’ म्हणतात. त्यातील ‘अंत’ हे ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूपासूनच आलेले आहे. तेलुगूतील ‘अनि’चे कूळही तेच. बाजारातल्या दखनीत ‘कल आता हूँ बोलके बोल्या’ असे ऐकू येते. तिन्ही वाक्ये मराठी वाक्यावर शब्दाला शब्द ठेवून बसवता येतात. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावातील मराठी, कानडी आणि उर्दू यांविषयी 1971 साली प्रसिद्ध केलेला निबंध जगभर गाजला, तो अशाच निरीक्षणामुळे. शब्द वेगळे राहिले तरी वाक्यांची घडण इतकी जवळ आली, की एका भाषेतून दुसरीत जाताना क्रम बदलण्याची गरज फारशी उरली नाही, असे त्यांनी मांडले. पुढे सुमारे चाळीस वर्षांनी सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडच्या भाषांचा पुन्हा अभ्यास करून त्या मांडणीची चिकित्सा केली. गावाची बोली एका जागी थांबत नाही आणि गावातील सगळे एकसारखे बोलत नाहीत, हे भान अशा फेरतपासणीनेच येते.

परंतु सारखेपणा म्हणजे उसनवारी नव्हे. ‘रामराव म्हणून एक गृहस्थ’, ‘मदत व्हावी म्हणून’, ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ या रचना कोकणापासून विदर्भापर्यंत सर्वांच्या आहेत. ‘उद्या येतो असे तो म्हणाला’ हे वाक्य तर कोणताही शिक्षक बरोबर ठरवील. आणि त्यातही बोल आधीच आहे. तेव्हा क्रम सर्व मराठीचा आहे. आपल्याकडे ‘असे’च्या जागी ‘म्हणून’चा वावर अधिक, एवढाच सीमाभागाचा विशेष उरतो. संस्कृतातील ‘इति’ही बोलाच्या शेवटी येते. त्या ‘इति’च्या वापरातही द्राविड भाषांचा हात असावा, असे कायपर या डच पंडिताने 1967 साली सुचविले होते. ते मान्य केले, तर हे ‘कानडी वळण’ वेदकाळाइतके जुने ठरते, आणि शुद्धीची रेघ कोठे ओढावी, हेच कळेनासे होते.

असाच पेच दूर उत्तर अटलांटिकातील फेरो बेटांवरही आहे. तेथील सुमारे 50 हजार लोकांची भाषा शतकानुशतके डॅनिशच्या छायेत राहिली. शाळा, चर्च आणि कचेरी डॅनिशमध्ये चालत. फेरोईजमध्ये गौणवाक्यातील ‘नाही’ हा शब्द क्रियापदाच्या आधी ठेवावा की नंतर, याविषयी बोलणाऱ्यांत एकमत नाही. नंतर ठेवण्याची रीत जुनी, आइसलंडच्या भाषेसारखी. आधी ठेवण्याची रीत डॅनिशसारखी. नवी रीत डॅनिशची देणगी म्हणून हात झटकणे सोपे होते. परंतु डॅनिश आणि स्वीडिश या भाषांनीही हाच पालट पूर्वी आपापल्या अंगाने केला होता. म्हणून अभ्यासक सावध राहिले, आणि कोणती वाक्ये लोकांना कितपत चालतात, हे त्यांनी बोलणाऱ्यांनाच विचारले. आपल्याकडे निवाडा आधी झाला. विचारणे राहूनच गेले.

या निवाड्यात पक्षपातही आहे. ‘मी ते पुस्तक वाचले, जे तू दिले होतेस’ अशी वाक्ये आज वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर सर्रास येतात. मराठीची रूढ रीत ‘तू दिलेले पुस्तक मी वाचले’ किंवा ‘जे पुस्तक तू दिलेस ते मी वाचले’ अशी आहे. शेवटी लोंबणारे ‘जे’ इंग्रजी वाक्याच्या सवयीने बळावले आहे, असे आम्हांस वाटते. त्याला कोणी गावंढळ म्हणत नाही. शेजारच्या कानडीशी जुळणारा क्रम दोष ठरतो आणि इंग्रजीशी जुळणारा सुशिक्षितपणाची खूण ठरतो. हा भेद प्रतिष्ठेतून आलेला आहे. व्याकरणाशी त्याचा संबंध नाही.

‘की’ टाकून द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. बोल लांबलचक असेल तर तो आधी ऐकून ‘म्हणून’पर्यंत लक्षात ठेवणे कठीण जाते, तेथे ‘की’ उपयोगी पडतो. उलट बोल आटोपशीर असेल तेव्हा ‘येतो म्हणून सांगितलं’ यात बोलणाऱ्याचा ‘मी’ जसाच्या तसा राहतो. शालेय वाक्यात त्याचा ‘तो’ होतो. एकच माणूस घरात एक क्रम वापरतो आणि अर्ज लिहिताना दुसरा. निजामी राजवटीत कचेरीची उर्दू ‘कि’ची आणि रस्त्यावरची दखनी ‘बोलके’ची, अशीच वाटणी होती.

आपल्या भूमीचा एक दाखला येथे आठवतो. गाणगापूरच्या नृसिंहसरस्वतींचे चरित्र सांगणारा ‘गुरुचरित्र’ हा ग्रंथ सरस्वती गंगाधर यांनी रचला. त्यांची मातृभाषा कानडी. परंपरा त्यांचे गाव आळंद तालुक्यातील कडगंची सांगते. मराठी आपणास नीट येत नाही, हे त्यांनी ग्रंथातच नोंदविले आहे. ओवीतील शब्दक्रम छंदाने बांधलेला असतो. त्यावरून बोलीचा निष्कर्ष काढता येणार नाही. परंतु ज्या ग्रंथाचे पारायण घरोघर श्रद्धेने होते, त्याच्या कर्त्याला कोणी अशुद्धतेचा दाखला देत नाही, एवढे तरी ध्यानात घ्यावे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले. तेव्हापासून मराठीपणा सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर राहिले, आणि त्या ओझ्याखाली पुण्याच्या पुस्तकी वाक्याशी जुळते तेवढेच आपण आपले मानू लागलो. मुले आता कानडी वा इंग्रजी शाळांत शिकतात; जुना क्रम बोलणारी पिढी वृद्ध झाली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठी बोलींचे सर्वेक्षण केले, ते मुख्यतः महाराष्ट्रातील जिल्ह्यांचे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील वाक्ये टिपून ठेवण्याचे काम आपल्याच घरांनी केले पाहिजे. वडीलधाऱ्यांच्या आठवणी उतरवून घेताना त्यांचे वाक्य ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने लिहावे. ‘म्हणून’ खोडून ‘की’ घालू नये. एकदा सुधारलेल्या वाक्यावरून मूळ वाक्य पुन्हा कोणालाही जुळवता येणार नाही.