ब्रह्मपुरीचें घर

जुन्या काळाचा इतिहास म्हणजे राजांचीं नांवें आणि लढायांचे शक, ही समजूत आपल्या सुशिक्षित घरांतूनही अद्याप पुरती गेलेली नाहीं. करवीर नगरींत तर ती अधिकच बळकट असावयाची. जेथें महालक्ष्मीचें देवालय, शिलाहारांचे शिलालेख, पन्हाळ्याचा वेढा आणि छत्रपतींची गादी हीं सारीं एका दिवसाच्या फेरीच्या आंत येतात, तेथें पंचगंगेच्या कांठच्या टेकाडाखालीं पुरून गेलेल्या चुलींची आणि खापरांची वास्तपुस्त कोण करणार ? तरीही या नगरीचें वय सांगण्याची पाळी येते, तेव्हां ताम्रपट व बखरी मागें राहतात आणि साक्षीस उभी राहते ती ब्रह्मपुरीची टेकडीच. या टेकडीच्या उत्खननाचा अहवाल डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं लिहिला व पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें तो १९५२ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केला. पुरातत्त्वाचे अभ्यासक त्याचा आधार नेहमींच घेतात. परंतु गेलेल्या माणसांचें रोजचें जिणें वाचकापुढें उभें करणारें लेखन या नात्यानें त्याची परीक्षा आमच्या पाहण्यांत आलेली नाहीं. ती येथें करावी असा आमचा हेतु आहे.

ब्रह्मपुरीकडे विद्वानांचें लक्ष प्रथम वेधलें तें राजांमुळेंच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोल्हापुरास शिशाचीं नाणीं सांपडलीं. एका बाजूस धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूस चैत्य व वृक्ष, आणि कडेनें विळिवायकुर, शिवलकुर अशीं राजनामें. एका राजानें आधींच्या राजाच्या नाण्यावर आपला छाप उठविला होता. या छापांवरूनच या राजांचा क्रम लागला, आणि रॅप्सन यांच्या १९०८ सालच्या नाणकग्रंथांत त्याला स्थान मिळालें. कौतुक वाटावें असेंच तें काम आहे. मात्र हीं नाणीं कोणाच्या कमरेला होतीं, तीं देऊन त्यानें बाजारांतून काय घरीं नेलें, हा प्रश्न त्या विचाराच्या कक्षेंतच नव्हता.

ही कक्षा रुंदावण्याची संधि आली ती १९४४-४५ सालीं. राजाराम कॉलेजांतील कन्नडचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांनीं ब्रह्मपुरीवर खोदकाम केलें, आणि कांशाच्या व तांब्याच्या वस्तूंचा एक साठा बाहेर आला. पुढच्याच हंगामांत, १९४५-४६ सालीं, सांकलिया व दीक्षित यांनीं तेथें पद्धतशीर उत्खनन केलें. सांकलियांनीं लंडनमध्यें शिकत असतां मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखालीं मेडन कॅसल येथील उत्खननाचा अनुभव घेतला होता. व्हीलर स्वतः त्याच १९४५ सालीं पाँडिचेरीजवळ आरिकमेडू येथें खणीत होते व तेथें रोमन व्यापाराचीं चिन्हें त्यांस मिळत होतीं. पूर्व किनाऱ्यावर जें दिसत होतें, त्याचाच दुवा सह्याद्रीच्या पूर्वेस, संस्थानी कोल्हापुरांत हातीं लागावा, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

त्या साठ्यांतील एका वस्तूनें मात्र बाकीच्या सगळ्या वस्तूंना झांकून टाकलें. ती म्हणजे पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची कांशाची मूर्ति. ती वीतभर उंचीचीही नाहीं. पण समुद्रापासून इतक्या दूर, घाट ओलांडून आलेला हा परका देव पाहून कोणाचें मन विस्मित होणार नाहीं? १९४६ सालीं कोल्हापुरास वस्तुसंग्रहालय स्थापन झालें व पुढें तें टाउन हॉलच्या देखण्या इमारतींत आलें, तें बव्हंशीं या उत्खननाच्या पुण्याईनें. शाळेंतील मुलास ब्रह्मपुरीविषयीं एकच गोष्ट ठाऊक असते, ती ही मूर्ति. आमचें म्हणणें असें कीं, या मूर्तीनें कोल्हापूरचें नांव दूरवर नेलें खरें, परंतु ज्या घरांतून ती आली त्या घराकडे तिनें आपली पाठ करविली.

आणि गंमत अशी कीं, त्या घरावांचून मूर्तीचाही अर्थ लागत नाहीं. तो साठा एखाद्या तांबटाचा असेल, तर पोसायडन हें केवळ वितळविण्यासाठीं ठेवलेलें परदेशी कांसें ठरतें. व्यापाऱ्याचा असेल, तर ती विक्रीची चीज होय. एखाद्या हौशी धनिकाचा असेल, तर आपण आज दिवाणखान्यांत परदेशची बाहुली मांडतों तसाच तो प्रकार. कोणी तिच्यापुढें दिवा लावीत असेल, तर गोष्ट आणखीच निराळी. मूर्तीच्या चेहऱ्याकडे कितीही वेळ पाहिलें तरी यांपैकीं एकही उत्तर मिळणार नाहीं. तें मिळावयाचें तर शेजारीं काय होतें, खालीं जमीन कसली होती, भिंत किती दूर होती, तें पाहिलें पाहिजे. कार्ल खंडालावाला यांनीं १९६० सालीं या साठ्यावर स्वतंत्र लेख लिहिला आणि पुढें पाश्चात्त्य पंडितांनींही त्यांतील देशी वस्तु कोणत्या व आयात केलेल्या कोणत्या याची छाननी केली. पण हा सारा विचार वस्तूंच्या घडणीवरून झालेला आहे. घराच्या घडणीवरून नव्हे.

आतां सांकलिया-दीक्षितांच्या ग्रंथाकडे वळूं. त्याचा मोठा गुण हा कीं, तो मोहाला बळी पडत नाहीं. पोसायडनचा गाजावाजा ताजा असतांना या दोघांनीं मातीचे थर मोजले, भिंती जुळविल्या आणि खापऱ्यांच्या कडा रेखाटल्या. सातवाहन काळच्या वस्तींत पक्क्या विटांचीं घरें होतीं, त्यांच्या पायांत नदीचे गोटे घातलेले होते, हें आपणांस कळतें तें या चिकाटीमुळें. बऱ्याच वरच्या थरांत बहामनी काळची वस्ती, आणि तिच्यांत रंगीबेरंगी कांचेच्या बांगड्यांचे तुकडे. बांगडीचा तुकडा ही कोणत्याही राजाच्या दप्तरांत न सांपडणारी नोंद आहे. ती कोणत्या थरांत पडली होती एवढें निश्चित झालें, कीं दक्षिणेंतील बायकांच्या हौसेचा एक कालखंड आपोआप उजेडांत येतो. ईजिप्तमध्यें फ्लिंडर्स पेट्री यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच धडा घालून दिला होता : फुटकें मडकें हें काळाचें घड्याळ आहे. दीक्षितांनीं तर पुढें मणी व कांच या विषयांना आयुष्याचा मोठा भाग वाहिला आणि १९६९ सालीं भारतीय कांचेचा इतिहास ग्रंथरूपानें दिला. क्षुल्लक वस्तूंविषयींची ही निष्ठा आम्हांस कोणत्याही काव्यमय वर्णनापेक्षां अधिक मोलाची वाटते.

परंतु याच ग्रंथाचा दोषही येथूनच सुरू होतो. त्या काळच्या बहुतेक अहवालांप्रमाणें त्याची मांडणी द्रव्यानुसार आहे. बांधकाम एका प्रकरणांत, मातीचीं भांडीं दुसऱ्यांत, मणी तिसऱ्यांत, नाणीं आणखी कोठें. शास्त्राला ही विभागणी सोईची आहे, कारण कोल्हापूरचा मणी नाशिकच्या मण्याशीं ताडून पाहतां येतो. पण माणूस मण्यांच्या प्रकरणांत राहत नाहीं. तो घरांत राहतो. ज्या स्वयंपाकघरांत भांडें, चूल, बांगडी व नाणें हीं चारही एका संध्याकाळीं एकत्र होतीं, तें स्वयंपाकघर या मांडणींत चार ठिकाणीं फुटतें. मातीनें दोन हजार वर्षें जें जवळजवळ राखलें, तें आपण कागदावर दूर दूर करून टाकतों. इटलींतील पाँपेई नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें; तेथें भट्टींतले पाव जळून कोळसा झाले तरी भट्टींतच राहिले. तेथील लेखकाला समोर दिसतें तें सांगितलें कीं पुरें. आमच्या ब्रह्मपुरीला असें भाग्य नाहीं. येथें घर तुकड्यांनीं येतें. म्हणूनच तें जुळवून सांगणारा लेखक येथें अधिक हवा.

दुसरी गोष्ट भाषेची. अहवाल इंग्रजींत आहे याबद्दल आमची तक्रार नाहीं. तो जगांतील पंडितांसाठीं आहे. तक्रार आहे ती आपल्या आळसाची. इंग्रजी अहवालांत ज्याला क्रमांक देऊन नुसतें भांडें म्हणावें लागतें, त्याला आपल्या आजीच्या तोंडीं डेरा, रांजण, मोगा, परळ, वेळणी, गाडगें, सुगड, बुडकुलें अशीं किती तरी नांवें होतीं. आणि प्रत्येक नांवांत त्या भांड्याचा आकार, कांठ आणि काम हीं तिन्ही सामावलेलीं होतीं. कोणती कड झांकण बसविण्यासाठीं व कोणती हात धरण्यासाठीं, हें कुंभाराच्या चाकाशीं वाढलेला माणूस चटकन् सांगेल. मराठींत पुरातत्त्व लिहावयाचें म्हणजे इंग्रजी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्दांचे अंगरखे चढवावयाचे, असा समज आहे. त्यापेक्षां ही घरची शब्दसंपत्ति कामास लावली, तर तेंच लेखन अधिक शास्त्रीयही होईल.

मात्र येथें एक सावधगिरी पाळली पाहिजे. नांव दिलें कीं उपयोगही गृहीत धरला जातो. सातवाहन काळच्या पसरट भांड्याला आपण परळ म्हटलें, तर त्यांत भाकरीचें पीठच मळलें जात होतें असें वाचकाला नकळत वाटूं लागतें. आणि तें तर आपल्याला ठाऊक नसतें. घरगुती शब्द दिवा आहे, पण त्याची सांवलीही पडते. लेखकानें नांव द्यावें, आणि त्याच वाक्यांत हें नांव आकारापुरतें आहे, असें स्पष्ट सांगावें.

असाच, पण अधिक गोड मोह वाङ्मयाच्या बाजूनें होतो. सातवाहन हालाच्या नांवावर असलेली गाथासप्तशती आपल्या मातीची आहे. स. आ. जोगळेकर यांनीं १९५६ सालीं तिचें विस्तृत मराठी संपादन सिद्ध केलें, तेव्हांपासून तींतील गृहिणी, शेतकरी व वाटसरू आपल्या परिचयाचे झाले आहेत. गाथांत माणसें आहेत पण त्यांचीं भांडीं हातीं येत नाहींत. ब्रह्मपुरीस भांडीं आहेत पण माणसें बोलत नाहींत. मग हीं दोन्हीं एकत्र कां बसवूं नयेत ? बसवावीं, पण शिवण दिसूं द्यावी. गाथांचा संग्रह अनेक शतकें वाढत गेला, आणि कवि जी गृहिणी दाखवितो ती कवीला दिसलेली असते. ब्रह्मपुरीच्या चुलीपाशीं गाथेंतली स्त्री आणून बसविली, तर चित्र सुंदर होतें. परंतु जी बाई खरोखर त्या चुलीपाशीं बसली होती, तिची जागा आपण दुसरीला दिलेली असते. ज्यांचें नांव कोठेंच राहिलें नाहीं त्यांच्यावर हा दुसरा अन्याय होय.

मग घर सांगावें तरी कसें ? याचें उत्तर महाराष्ट्रांतच मिळालेलें आहे, आणि तें देणाऱ्यांत सांकलियाही होते. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन चाललें. ती वस्ती ब्रह्मपुरीच्या विटांच्या घरांहून सुमारें हजार वर्षें जुनी, ताम्रपाषाणयुगांतील शेतकऱ्यांची. तेथें शंभराहून अधिक घरें उघडीं झालीं आणि विचार घराघरानें झाला. एक पांच दालनांचें घर, त्याच्या लगत धान्याचें कोठार. त्यावरून तें गांवाच्या मुख्याचें असावें असा तर्क निघाला. घराच्या जमिनीखालीं तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन कुंभांत पुरलेलीं तान्हीं मुलें सांपडलीं. प्रौढांना पुरतांना त्यांचीं पाउलें तोडलेलीं आढळलीं. शेवटच्या काळांत ऐसपैस चौकोनी घरें जाऊन लहान गोल झोंपड्या आल्या, आणि पाऊस कमी होऊन हलाखी आली असावी असें अभ्यासकांनीं मानलें. येथें एकाही राजाचें नांव नाहीं; तरीही मूल गमावलेलें घर आणि उतरती कळा लागलेला गांव आपल्याला ओळखतां येतो. डॉ. म. के. ढवळीकर यांनीं ‘महाराष्ट्राची कुळकथा’ लिहून हें ज्ञान मराठी वाचकांच्या दारीं आणलें. त्यांतील प्रत्येक तर्क पटलाच पाहिजे असें नाहीं. मोठें घर तें मुख्याचेंच कशावरून, असें विचारण्याचा वाचकाला अधिकार आहे. पण तें विचारतां येतें, कारण घर त्याच्यासमोर सबंध ठेवलेलें आहे. चांगल्या विवेचनाची आमच्या मतें हीच खूण : त्यानें वाचकाला केवळ निर्णय न देतां वाद घालण्यापुरतें सामान द्यावें.

ब्रह्मपुरीच्या वाट्याला असें पुस्तक यावयास हवें. कुंदणगारांचा साठा व सांकलिया-दीक्षितांचे थर एकत्र वाचून, एकेका दालनाचा हिशेब मांडणारें, जेथें पुरावा संपतो तेथें थांबणारें, आणि आपल्या बोलींतल्या शब्दांनीं लिहिलेलें. वस्तु संग्रहालयांत आहेत, अहवाल ग्रंथालयांत आहे; नवी कुदळ मारण्याचीही प्रथम गरज नाहीं. गरज आहे ती जुळवणाऱ्या हाताची. त्या दिवशीं पोसायडनचें महत्त्व कमी होणार नाहीं. उलट, समुद्र ओलांडून आलेला हा देव कोणाच्या ओसरीवर उतरला होता, तें त्याला पाहावयास येणाऱ्या कोल्हापूरकरांना प्रथमच विचारतां येईल.