शून्य तक्रारींचा अर्थ

शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवला आहे आणि ऐन जुलै महिन्यात रोज सकाळी त्याचे वाचन शून्य येते आहे, असे समजा. भिवंडीतला कोणताही विज्ञानशिक्षक ‘यंदा पाऊस झाला नाही’ असे वहीत लिहिणार नाही. तो आधी गच्चीवर जाईल. नरसाळ्यात पाला अडकला आहे का, कोणी वर झाकण ठेवून दिले आहे का, हे पाहील. उपकरण शून्य दाखवते तेव्हा एक तर मोजायची गोष्ट खरोखरच नसते, किंवा ती असूनही उपकरणाला सापडत नसते. या दोहोंतला फरक करता येणे हा मापनाचा पहिला धडा. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी गेल्या काही वर्षांत आपल्याकडे जे शासन निर्णय निघाले, त्यांत नेमका हाच धडा गळला आहे. तक्रारपेटी रिकामी निघाली की ‘तक्रारी निरंक’ असा शेरा वर जातो, आणि निरंक म्हणजे सर्व ठीक असे धरून फाइल बंद होते.

हे शासन निर्णय वाईट हेतूने निघालेले नाहीत, हे आधी मान्य केले पाहिजे. शाळाशाळांत तक्रारपेटी लावण्याचा आदेश २०१७ सालचा. मार्च २०२२ मध्ये ‘सखी सावित्री’ समित्या आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे उघडकीस आले. पालकांना तक्रार नोंदवून घेण्यासाठी पोलिस ठाण्यात कित्येक तास ताटकळावे लागले, २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात लोहमार्ग अडवून धरला आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या धामधुमीत, २१ ऑगस्टला, शालेय शिक्षण विभागाचा नवा निर्णय निघाला. शाळांनी महिनाभरात कॅमेरे बसवावेत, न बसवणाऱ्यांवर अनुदान रोखण्यापर्यंतची कारवाई व्हावी, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रण तपासावे, कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी करावी, अनुचित प्रकार समजल्यास चोवीस तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवावे, तक्रारपेटी व समित्या कार्यान्वित ठेवाव्यात, असे त्याचे स्वरूप होते. मे २०२५ मध्ये याच विषयावर अधिक सविस्तर निर्णय आला.

आता यातली एकेक वस्तू उपकरण म्हणून तपासून पाहू.

तक्रारपेटीपासून सुरुवात करू. ज्या घटनेमुळे हा सारा खटाटोप पुन्हा सुरू झाला, तिच्यातल्या मुली चार वर्षांच्या आसपासच्या होत्या. त्या वयाच्या मुलाला अक्षरओळख नसते. तरीही उपायांच्या यादीत चिठ्ठी लिहून टाकायची पेटी आहेच! मोठ्या मुलांचे काय? चाळीस मुलांच्या वह्या वर्षभर तपासणाऱ्या शिक्षकाला चाळीसही हस्ताक्षरे ओळखता येतात, आणि हे मुलांना पक्के ठाऊक असते. पेटी बहुधा मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर टांगलेली असते. तिथे थांबलेले मूल सगळ्या शाळेला दिसते. आणि किल्ली कोणाकडे असते, हे तर शिपाईसुद्धा सांगेल.

धामणकर नाक्याच्या परिसरात आणखी एक अडचण येते, ती मंत्रालयात बसून लक्षात येणे कठीण आहे. इथे यंत्रमागांवर, गोदामांत काम करणारी कुटुंबे उत्तर प्रदेश-बिहारपासून तेलंगणापर्यंत ठिकठिकाणांहून आलेली आहेत. शहरात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा निरनिराळ्या माध्यमांच्या शाळा आहेत, आणि घरी एक भाषा व शाळेत दुसरी, अशी मुले प्रत्येक वर्गात सापडतात. शरीराच्या अवयवांची नावे मूल घरच्या भाषेत शिकते, तीही दबक्या आवाजात. शाळेच्या भाषेत ते शब्द त्याला कोणी दिलेलेच नसतात. मग ते तक्रार कोणत्या शब्दांत लिहिणार? समितीतल्या पालक प्रतिनिधींचेही तेच. माग बारा-बारा तासांच्या पाळीत चालतो. दुपारी तीनच्या बैठकीला येऊ शकणारा पालक हा बहुधा मागावर न जाणारा पालक असतो. म्हणजे नमुन्याची निवडच एकांगी झाली.

कॅमेऱ्यांचे गणित तर आठवीच्या मुलांनाही घालता येईल. समजा, शाळेत सोळा कॅमेरे आहेत आणि शाळा दिवसाला सहा तास, आठवड्याचे सहा दिवस भरते. आठवड्याचे चित्रण झाले ५७६ तास. मुख्याध्यापकांनी तीन वेळा, दर वेळी अर्धा तास बसून ते पाहिले आणि सोळाही चौकटी एकाच पडद्यावर लावल्या, तरी ३६ तासांच्या शाळेपैकी दीड तास पाहून होतो, म्हणजे चार टक्के. त्यातही स्वच्छतागृहात कॅमेरा लावता येत नाही, लावू नयेच. घटना घडून गेल्यावर पुरावा म्हणून चित्रणाचा उपयोग आहे, हे खरे. परंतु बदलापूर प्रकरणात तेच चित्रण उपलब्ध नसल्यावरून वाद झाला. पोलिस पडताळणीचीही मर्यादा अशीच आहे. ती फक्त नोंद झालेला गुन्हा सांगते. ज्या गुन्ह्यांची नोंदच क्वचित होते, त्यांच्या बाबतीत कोऱ्या पडताळणीपत्राला किती वजन द्यायचे?

नोंद क्वचित होते हे अनुमान नाही. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्रासह तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराला तोंड द्यावे लागल्याचे सांगितले. शाळेत जाणाऱ्यांपैकी ६५ टक्क्यांनी शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. आणि बहुसंख्य मुलांनी आधी कोणाजवळही वाच्यता केलेली नव्हती. अत्याचार करणाऱ्यांत निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागी असलेले होते. यानंतर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतला मार व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. त्या मनाईनंतर किती शाळांच्या दप्तरी छडीची नोंद आहे, हे ज्याने त्याने आपल्या शाळेपुरते पाहावे.

या साऱ्या शासन निर्णयांत एक गृहीतक दडलेले आहे. धोका बाहेरून येतो, किंवा फार तर कंत्राटी कर्मचाऱ्याच्या रूपाने येतो. शाळा स्वतः मात्र रक्षक. हे गृहीतक याच ठाणे जिल्ह्यात, भिवंडीच्या शेजारच्या शहापूर तालुक्यात जुलै २०२५ मध्ये साफ मोडले. तिथल्या एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. पाचवी ते दहावीच्या मुलींना सभागृहात बोलावून पडद्यावर त्या डागांची छायाचित्रे दाखवण्यात आली. पाळी कोणाला आली आहे हे विचारले गेले. ज्या ‘नाही’ म्हणाल्या त्यांच्यापैकी काहींना स्वच्छतागृहात नेऊन, कपडे काढायला लावून तपासण्यात आले, असा आरोप पालकांनी केला. गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिका आणि एक महिला कर्मचारी यांना अटक झाली.

यात कोणता नियम उपयोगी पडला असता? लहान वर्गांसाठी शक्यतो महिला कर्मचारी असाव्यात, असे शासन सांगते. इथे अटक झालेल्या दोघीही महिलाच होत्या. सभागृहातल्या कॅमेऱ्यात शिस्तीत उभ्या असलेल्या मुली दिसल्या असत्या. तक्रारपेटीची व्यवस्था ज्यांच्या हाती, त्यांच्याच विरुद्ध तक्रार होती.

विज्ञानशिक्षकाने या प्रकरणाकडे आणखी जवळून पाहायला हवे, कारण इथे आपलाही विषय नापास झाला आहे. त्या ‘चौकशी’तला तर्क तपासा. पाळी साधारण चार ते पाच दिवस असते आणि चक्र सुमारे अठ्ठावीस दिवसांचे. म्हणजे पाळी सुरू झालेल्या मुलींपैकी कोणत्याही दिवशी सुमारे सहापैकी एकीला ती असणार. अशा १२० मुली शाळेत असतील, तर त्या दिवशी वीसेक मुली ‘सापडणार’. यांतल्या कोणाच्या हातून डाग पडला हे त्या तपासणीने कळतच नाही. ज्या कसोटीतून काहीच निष्पन्न होऊ शकत नाही, ती वीस मुलींचा अपमान करून घेतली गेली. आणि मुळात डाग पडणे हा गुन्हा कसा? तिथे पाणी होते का, झाकणाची कचराकुंडी होती का, हे प्रश्न आधी यायला हवे होते. आपल्या पाठ्यक्रमात मासिक चक्राची सविस्तर ओळख दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात होते. बहुतेक मुलींना पाळी बाराव्या-तेराव्या वर्षी, काहींना त्याही आधी येते. धडा दोन-तीन वर्षे उशिराने पोचतो, आणि पोचला तरी ‘घरी वाचून या’ म्हणून किती वर्गांत पुढे ढकलला जातो, हे आपण सारे जाणतो.

भेदभावाच्या बाबतीत तर तक्रारपेटी आणखी निरुपयोगी. अत्याचार ही घटना असते. भेदभाव ही बहुधा रीत असते. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी मिळत नसे. त्या काळी तिथे तक्रारपेटी असती, तर तीही निरंकच निघाली असती, कारण शाळेच्या दृष्टीने सर्व काही शिस्तीत चालले होते. आज गोणपाट नाही. पण वर्ग झाडायला रोज कोणाला सांगितले जाते, शेवटचा बाक कोणत्या वस्तीतल्या मुलांचा असतो, आडनाव ऐकल्यावर कोणाला ‘तुमच्यात’ असे म्हटले जाते, हे पाहण्यासाठी तक्रारीची वाट बघावी लागत नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिलेल्या शहरात तरी हे शिक्षकांना निराळे सांगायला नको.

मग मोजायचे कसे? संख्याशास्त्रात यासाठी एक सुरेख युक्ती आहे. लोक ज्याचे उत्तर द्यायला कचरतात असे प्रश्न कसे विचारावेत, यावर स्टॅन्ली वॉर्नर या संशोधकाने १९६५ मध्ये एक पद्धत मांडली. तिचा सोपा प्रकार शाळेत करता येतो. प्रश्न असा घ्या: ‘गेल्या महिन्यात शाळेत तुम्हाला कोणी मारले का?’ प्रत्येक विद्यार्थ्याने आडोशाला नाणे उडवायचे. छापा पडला तर खरे काहीही असो, ‘हो’ अशी खूण करायची. काटा पडला तरच खरे उत्तर द्यायचे. नाणे कोणी पाहिलेले नाही, त्यामुळे ‘हो’ची खूण असलेल्या कोणत्याही कागदावरून त्या मुलाबद्दल काही सिद्ध होत नाही. शाळेबद्दल मात्र कळते. ४०० विद्यार्थ्यांत सुमारे २०० छापे पडणार, म्हणजे २०० ‘हो’ नाण्याचेच. एकूण ‘हो’ २४८ आले, तर उरलेले ४८ हे खरे उत्तर देणाऱ्या २०० जणांतले. म्हणजे अंदाजे २४ टक्के मुलांना मार बसला. यात दहा टक्क्यांपर्यंतची चूक इकडेतिकडे धरावी लागते. चाळीस मुलांच्या एकाच वर्गावर हा प्रयोग करू नये, तिथे चूक उत्तरापेक्षा मोठी होऊ शकते. लिहायचे काही नसल्याने हस्ताक्षराचा प्रश्न मिटतो, आणि प्रश्न चारही भाषांत मोठ्याने वाचून दाखवता येतो.

लैंगिक अत्याचाराबद्दल मात्र हा खेळ करू नये. तिथे मुलाने विश्वासाने एखाद्या मोठ्या माणसाला सांगणे महत्त्वाचे. आणि एकदा कळले की २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबाबत ते लपवले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिक्षणाधिकाऱ्यांना चोवीस तासांत कळवणे हे याच्या जोडीला आहे, याच्याऐवजी नाही. ‘आधी आपण शाळेत चौकशी करू’ या वाक्याला कायद्यात जागा नाही.

नाण्याच्या प्रयोगातून येणारा आकडा अनुदानाशी जोडला, तर दोन वर्षांत तोही शून्यावर येईल. नाणी कोणत्या बाजूने पाडायची हे मुलांना आधीच सांगून ठेवले जाईल. म्हणून तो शिक्षा करण्यासाठी वापरू नये, शाळेने तो स्वतःच पालकसभेत वाचून दाखवावा आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजावा. धामणकर नाक्याजवळची जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. आदल्या रात्री ती उभी होती, म्हणून सुरक्षित होती, असे इथे कोणी म्हणत नाही. पालकसभा मात्र रविवारी, पाळी बदलण्याच्या वेळा पाहून ठेवावी लागेल, आणि आकडा उर्दूत व तेलुगूतही सांगणारा कोणी तरी त्या खोलीत असावा लागेल.