मोडेम का बोलत नाही?

लिनक्सच्या संगणकाला मोडेम जोडून टेलिफोनवरून इंटरनेट गाठणे हे १९९० च्या दशकाच्या अखेरीस सोपे काम नव्हते. त्या काळी अनेकांना डेव्हिड लॉयर यांच्या 'मोडेम-हाऊटू' या मार्गदर्शिकेचा आधार होता. डायल-अपचे दिवस सरले, तरी शिक्षकांनी ही पुस्तिका आजही वाचावी असे मला वाटते. वाचताना थोडे रागवावे लागेल, ते निराळे.

तिचा मोठा गुण असा की ती नुसत्या आज्ञा सांगत नाही, कारणेही सांगते. समजा, मोडेमने नंबर फिरवला, जोडणीही झाली, पण पडद्यावर अक्षरे खूप वेळाने, थोडीथोडी उमटतात. आपला पहिला संशय कोणावर? टेलिफोनच्या तारेवर! पुस्तिका सांगते की आधी इंटरप्ट तपासा. अक्षरे आली की सिरियल पोर्ट एका ठरावीक क्रमांकाच्या रेषेवरून प्रोसेसरला हाक मारतो. पहिल्या पोर्टचा हा क्रमांक सहसा ४ असतो, दुसऱ्याचा ३. लिनक्सला भलताच क्रमांक सांगितला असेल, तर हाक एका दारावर आणि कान दुसऱ्या दाराला, अशी गत होते. मग अक्षरे पोर्टच्या जेमतेम १६ बाइटांच्या साठ्यात पडून राहतात आणि लिनक्स अधूनमधून आपणहून डोकावते तेव्हाच उचलली जातात. लक्षणावरून कारण शोधण्याचे इतके चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडते.

'सेटसिरियल' या आज्ञेचा खुलासाही असाच. नावावरून वाटते की ती पोर्टचा पत्ता व क्रमांक बदलते. प्रत्यक्षात ती फक्त लिनक्सला ते कळवते. पाटी बदलली म्हणून घर हलत नाही.

'विनमोडेम'बद्दलचा इशारा मात्र मी वेळेवर वाचला नाही. स्वस्त मिळाले म्हणून संगणकाच्या आत बसणारे कार्ड घेतले आणि तीन संध्याकाळी त्यात घालवल्या. मोडेमचे बरेचसे काम विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम करत होता. लिनक्ससाठी तसा प्रोग्रामच नव्हता. स्क्रू पिळून काय होणार?

आता दोष. पुस्तिका फार लांब आहे. 'सिरियल-हाऊटू'मधला पुष्कळ मजकूर हिच्यातही आहे. शिवाय वाचकाला इंटरनेट हवे असते, पण 'पीपीपी' जोडणीसाठी त्याला आणखी एका पुस्तिकेकडे जावे लागते. इतके सूक्ष्म विवेचन, पण आकृत्यांची साथ फारच कमी! प्रोसेसर, पोर्ट, मोडेम, तार अशा चार चौकटी काढल्या असत्या, तर पोर्टचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट आणि तारेवरचा मात्र ३३,६००, हा गोंधळ तिथेच मिटला असता. मोडेम मजकूर आवळून तारेवर सोडतो, म्हणून पोर्टने त्याला तारेपेक्षा जास्त वेगाने माल पुरवायचा असतो. ही आकृती शेवटी मला फळ्यावर स्वतःच काढावी लागली.