रात्रीच्या पोटचा दिवस

कवी हेसिओडच्या ‘थिओगनी’त दिवस सूर्याच्या आधी जन्माला येतो. इसवी सनापूर्वी 700च्या आसपासची ही ग्रीक देवांची वंशावळ. आरंभी आदिम पोकळी म्हणजे केऑस, त्यातून काळोख म्हणजे एरेबस आणि रात्र म्हणजे निक्स. या दोघांच्या मीलनातून दोन अपत्यं झाली: वरचं झळाळतं आकाश एथर आणि दिवसाची देवी हेमेरा. सूर्यदेव हेलिओसचा जन्म त्यानंतर जवळपास अडीचशे ओळींनी, टायटनांच्या घराण्यात.

निक्सला पुढे पुष्कळ मुलं होतात. मृत्यू, निद्रा, स्वप्नं, म्हातारपण, कलह. ही सगळी तिने एकटीने, कुणाच्या संगाशिवाय जन्माला घातलेली. प्रेमातून झाली ती दोनच, आणि दोन्ही उजेडाची! हेसिओड यावर अवाक्षर बोलत नाही. मला मात्र साऱ्या वंशावळीत ही जागा सर्वांत हळवी वाटते.

हेमेरा पुन्हा भेटते ती थेट पाताळाच्या वर्णनात. काळ्या ढगांत गुरफटलेलं निक्सचं भयाण घर, त्यापुढे आभाळ पेलून उभा असलेला अ‍ॅटलास आणि कांस्याचा भलामोठा उंबरठा. तिथे मायलेकी समोरासमोर येतात, एकमेकींची विचारपूस करतात आणि उंबरठा ओलांडतात. एक आत, एक बाहेर. घर एकच, पण त्यात दोघी एका वेळी कधीच नसतात. काय बोलत असतील? कवी ते सांगत नाही, आणि त्या न सांगण्यातच ओळींचा सगळा जीव आहे. लेकीने पृथ्वीवरच्या माणसांसाठी उजेड घेतलेला असतो. आईच्या हातांत मृत्यूचा भाऊ निद्रा. जी घरात असते ती आपल्या फेरीची वेळ होईपर्यंत थांबून राहते. म्हणजे आपल्याकडे अंधार असतो तेव्हा दिवस संपलेला नसतो, खाली आईच्या घरी वाट पाहत बसलेला असतो. रोजचा सूर्यास्त इतक्या घरगुती भाषेत आणि तरीही इतक्या धाकाने सांगणारं दुसरं वर्णन माझ्या वाचनात नाही.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस या प्रवाशाने अथेन्सच्या ‘राजस्तंभिका’ या खांबांच्या ओवरीच्या छपरावर केफालसला उचलून नेणाऱ्या हेमेराची मूर्ती पाहिली. ही कथा एरवी उषादेवी इऑसची. हेमेराची स्वतःची कथाच नव्हती, म्हणून उषेचा प्रियकर तिच्या वाट्याला आला असावा. मला तिच्यासाठी हेसिओडचा उंबरठाच पुरेसा वाटतो.